गूळ-चुन्यातलं वायरिंग

मी परवानाधारक वायरमन आहे आणि माझं पहिलं काम मुंग्यांनी खाल्लं.

हे वाक्य मी पंचवीस वर्षं मनात घोळवतो आहे. कागदावर आज पहिल्यांदा उतरलं. उतरल्यावर हलकं वाटेल अशी कल्पना होती, पण उलट आता पुढचं सगळं सांगायची जबाबदारी अंगावर येऊन पडली. तेव्हा सांगतोच. एकदा कागदावरही पुरतं कबूल केलं म्हणजे शांत झोप लागेल. (बायको म्हणते, तुम्हाला ती उभ्या उभ्याही लागते. ते खरं आहे आणि याच गोष्टीत पुढे येणार आहे.)

बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीचा हिवाळा. माझं वय बावीस. नगरला वायरमनची परीक्षा नुकतीच पास झालो होतो आणि परवाना शर्टाच्या खिशात घेऊनच जेवायला बसत होतो. माझी थोरली बहीण, अक्का, देवळाली प्रवराच्या पलीकडे दोन कोसांवर एका वस्तीवर दिलेली. चहूबाजूंनी ऊस, मधे घर. त्या वर्षी विजेचे खांब उसातून चालत चालत थेट तिच्या दारापर्यंत आले. आता घरात वायरिंग करायचं, लाईटच्या ऑफिसातले साहेब येऊन ते तपासणार आणि त्यांनी पास केलं की मीटर बसणार.

अक्काच्या सासूबाईंना आम्ही मावशी म्हणायचो. ठेंगण्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि नजर अशी की समोरच्याने न केलेलाही गुन्हा आठवू लागावा. त्यांचं मत पडलं, राहुरीचा कॉन्ट्रॅक्टर बोलवावा. तेव्हा लग्नाला चार वर्षं होऊनही सासूसमोर कधी मान वर न केलेली माझी अक्का म्हणाली,

"आत्याबाई, माझा भाऊ करंल की! परीक्षा पास झालाय त्यो."

"परीक्षा पास व्हनं येगळं आन् काम येनं येगळं."

"त्याचं काम पास न्हाई झालं, तर या घरात पुन्यांदा म्हायेराचं नाव काढनार न्हाई मी."

झालं! ही शपथ ऐकून घरच्या म्हशीनेही रवंथ थांबवलं असेल. कारण अक्काचं एकही वाक्य 'आमच्याकडं' या शब्दाशिवाय सुरू होत नसे. आमच्याकडं कढीत मेथ्या घालतात. आमच्याकडं शिंकलं तर थांबतात. तिचं अख्खं माहेर त्या एका शब्दावर उभं होतं, आणि तो शब्द तिने माझ्या वायरिंगवर लावला.

सोमवारी सकाळी मी सामान घेऊन एस.टी.तून उतरलो. दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, बैलगाडी घेऊन हजर होते. दाजी हा जगातला सर्वांत सरळ माणूस. त्यांना काहीही सांगितलं तरी "वा!" म्हणायचे.

"पाव्हनं, वायर भितीवर राहती कशी? चिकटवायची का?"

मला हेच हवं होतं. मी गाडीतच वर्ग सुरू केला. आमच्या मास्तरांनी शिकवलं होतं की वायरीने आपलं ओझं आपण उचलायचं नाही. वायर धरायची क्लिपने, दर चार इंचांवर एक क्लिप. क्लिप ठोकायची सागवानी पट्टीवर. पट्टी स्क्रूने बसवायची गुट्टीवर. गुट्टी म्हणजे भिंतीत पुरलेला लाकडाचा लहानसा ठोकळा, दर दोन-अडीच फुटांवर एक. आणि गुट्टी बसवायची सिमेंटात.

"वा! मंजी वायर पट्टीवर, पट्टी गुट्टीवर, गुट्टी भितीत. आन् भित?"

"भिंत तुमची, दाजी."

"वा!"

दुपारपर्यंत मी भिंतीत छिन्नीने चौसष्ट भोकं पाडली. चारही खोल्यांत, एका ओळीत, दोरी लावून. मावशी उंबऱ्यात उभ्या राहून बघत होत्या.

"भितीला देवी आल्यावानी दिसतंय," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

आता सिमेंट. त्या काळी सिमेंट परमिटवर मिळायचं. नगरला एका ओळखीच्या माणसाच्या दहा वेळा विनवण्या करून मी एक कापडी पिशवी भरून आणलं होतं. वाटेत कुणाचा पाय लागू नये म्हणून ती पिशवी मी ओसरीवरच्या माठाच्या तिवईखाली, अगदी सुरक्षित जागी ठेवली. आणि जेवणानंतर पाच मिनिटं टेकावं म्हणून शेजारच्या खांबाला पाठ लावली.

इथे मला माझा मूळ दोष सांगितला पाहिजे. मला उघड्या डोळ्यांनी स्वप्नं पडतात. त्या दुपारी तर पडायलाच हवीत अशी हवा होती. मळ्यात दाजींचं गुऱ्हाळ चालू होतं. उकळत्या रसाचा वास वाऱ्यावर येत होता, जात होता. उसाचे पांढरे तुरे ऊन पिऊन जड झाल्यासारखे हळूहळू डोलत होते. लांब कुठेतरी चरकाचा आवाज, तोही पेंगुळलेला. मी बघत होतो आणि बघता बघता मला दिसायला लागलं : संध्याकाळ झालीय. चारही खोल्यांत दिवे लागलेत. खिडक्यांतून पिवळा उजेड उसावर सांडलाय आणि तुरे सोन्याचे झालेत. मावशी दिव्याखाली तांदूळ निवडताहेत आणि म्हणताहेत, "खडा कसा लख्ख दिसतोय गं!" आजूबाजूच्या वस्त्यांवरची माणसं अंगणात उभी आहेत. अक्का पदर सावरून म्हणतेय, "आमच्याकडं असंच करतात." आणि माझी पट्टी त्या उजेडातून भिंतीभिंतीने वाहतेय, सरळ, शांत, एखाद्या कालव्यासारखी...

कालव्यातलं पाणी माझ्या पायाला गार लागलं तेव्हा मी जागा झालो.

माठ गळत होता. नवा माठ, पहिला आठवडा, झिरपायचाच. थेंब थेंब, दुपारभर, तिवईखाली. मी पिशवी उचलायला गेलो, ती उचलेना. ओढली तेव्हा आली, पण पिशवी म्हणून नाही. उशीच्या आकाराचा एक घडीव दगड माझ्या हातात होता. शिवणीचे टाकेसुद्धा त्यावर सुबक उमटले होते!

अक्का ओसरीवर आली. तिने दगड बघितला, मला बघितलं, माठ बघितला.

"दत्ता, परत सपान पडलं का रं?"

"पाचच मिनिटं, अक्का."

"आता दुसरं कुठून आननार? गव्हानीला सिमिट पाहिजे म्हनून ह्यांनी अर्ज दिला, तर सा म्हैनं लागले. आन् साहेब यायचेत गुरवारी!"

"मावशींना सांगू नकोस."

"मी कशाला सांगू? माजंच नाक कापायचंय त्यात."

मी तो दगड गोठ्यामागे पुरला. चोरीचा माल पुरावा तसा, इकडेतिकडे बघत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींबरोबर विहिरीवर आंघोळीला गेलो. काळ्या दगडात बांधलेली, खोल, गोल, देखणी विहीर. तळाशी आभाळाचं एक निळं नाणं पडलेलं. दाजी अंगावर पाणी ओतत म्हणाले,

"आज्यानं बांधली ही हीर. येक दगड हालला न्हाई अजून. गूळ-चुन्यातलं काम हाय."

माझ्या हातातला तांब्या थांबला. "गूळ?"

"व्हय. चुन्यात गूळ घालायचे जुनी मान्सं. पोलादावानी धरतो."

"किती घालायचे?"

"आता ते आज्याला इचारावं लागंल," दाजी म्हणाले आणि आदराने आभाळाकडे बघितलं.

मला तिथेच ओल्या अंगाने दुसरं स्वप्न पडलं. शंभर वर्षांनी हे घर पडलं आहे, पण माझं वायरिंग हवेत तसंच उभं आहे! घरात भिंतींना द्यायचा अर्धं पोतं चुना होता. गूळ तर काय, त्या वस्तीवर मातीपेक्षा जवळ होता. आजोबांना प्रमाण विचारण्याची सोय नव्हती, पण मी शिकलेला माणूस. हिशेब मांडला : थोड्या गुळाने शंभर वर्षं धरतं, तर भरपूर गुळाने किती?

अक्काने कोठीतून गूळ काढून दिला. अर्धी ढेप. चुन्यात वाळू कालवून मी तो फोडून घातला. मिश्रण पुरेसं गंभीर वाटेना, म्हणून वर तांब्याभर काकवी ओतली.

"अरं, ह्यो चुना हाय का पुरन?" अक्का म्हणाली.

"अक्का, तू यात पडू नकोस. हे शास्त्र आहे."

हे शास्त्रच होतं, फक्त उलटं. चुना असो की सिमेंट, त्यात गोड जास्त झालं की ते घट्ट व्हायचंच नाव घेत नाही, हे मला पुढे दोन वर्षांनी एका गवंड्याने सांगितलं. त्या दिवशी मात्र ते मिश्रण कसं तुकतुकीत, तपकिरी दिसत होतं! दाजी बाहेरून आले आणि दारातच थांबून म्हणाले, "वा! काय शिजतंय?"

दिवसभरात चौसष्ट गुट्ट्या बसल्या. बोटाने दाबून बघितलं तर किंचित मऊ लागत होत्या, पण चिकट अशा की बोट सुटेना. पकड उत्तम आहे, असा मी अर्थ काढला. बुधवारी दुपारपर्यंत पट्ट्या चढवल्या, वायर ओढली. क्लिपा दर चार इंचांवर, फूटपट्टी लावून. बोर्ड, होल्डर, सगळं जागच्या जागी. लांबून बघितलं आणि खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. इतकी सरळ रेघ मी आयुष्यात पुन्हा मारली नाही.

पहिली मुंगी बुधवारी तिसऱ्या प्रहरी आली. एकटीच होती. पट्टीवरून जरा फिरली, थांबली, विचार केला आणि आल्या वाटेने परत गेली. मला वाटलं, तिला काम आवडलं नसावं.

तिला फार आवडलं होतं. घटकाभरात ती माहेरची, सासरची, चुलत, मावस अशी सगळी माणसं घेऊन आली. दिवे लागायच्या वेळेला पट्टीच्या वरच्या कडेने दारापासून चुलीपर्यंत एक काळी रेघ तयार झाली होती. मावशींनी ती बघितली आणि आश्चर्य म्हणजे हात जोडले.

"काळ्या मुंग्या हायती. लक्षुमी यायची बगा घरात."

मी सुटकेचा श्वास सोडला. तो पुरता बाहेर पडायच्या आत मावशी म्हणाल्या,

"पर ह्या वायरीच्या कडंनंच का चालत्यात रं, दत्ता?"

"मावशी, मुंग्यांना वीज आवडते."

"ईज अजून आली कुठंय?"

"यायच्या आधी कळतं त्यांना. पावसाचं कळतं ना, तसं."

"वा!" दाजी म्हणाले.

मावशी नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेखाली मी खिशातला परवाना हाताने झाकला.

मावशी देवापुढे दिवा लावायला गेल्या तशी अक्का हळदीचा डबा घेऊन आली. हळदीने मुंग्या हटतात म्हणून तिने पट्टीखालून सगळीकडे हळदीचं बोट ओढलं. मुंग्या हटल्या नाहीत, पण भिंत मात्र लग्नघरासारखी दिसू लागली. मग दाजींनी तोडगा सुचवला. मुंग्यांना अंगणात गुळाचा वेगळा खडा ठेवायचा, म्हणजे त्या घर सोडून तिकडे जातील. ठेवला. अंगणातल्या मुंग्यांना आजवर ठाऊक नव्हतं की या घरी पंगत चालू आहे. त्यांना तो आमंत्रणाचा खडा मिळाला आणि गुरुवारी सकाळपर्यंत सगळं शिवार आमच्या ओसरीवर लोटलं.

साहेब यायच्या तासभर आधी मला दोन गुट्ट्या हलताना दिसल्या. मुंग्यांनी आतून पोखरायला सुरुवात केली होती! उरलेला गूळ-चुना घमेल्यात होताच. तो मी दोन्ही हातांनी पट्टीमागे कोंबला, कसाबसा दाबला, कंबर सरळ केली, आणि अंगणात सायकलची घंटा वाजली.

साहेब हे पन्नाशीचे, चष्म्याचे, शांत गृहस्थ होते. घरात शिरले, भिंतीकडे बघितलं आणि खिशातून फूटपट्टी काढली. मी त्यांच्यासमोर छाती काढून उभा. माझ्या मागे दारात मावशी, दाजी आणि अक्का. अक्काचे ओठ हलत होते, बहुतेक कुलदैवत.

"चार इंच," साहेब मोजत म्हणाले. "चार. चार. चार. शाब्बास! हल्ली एवढं कुणी करत नाही. कुठे शिकलात?"

"नगरला, साहेब."

मागून अक्काचा दबका आवाज आला, "आमच्याकडं असंच—" आणि ती थांबली. अजून पास कुठे झालं होतं?

साहेबांनी चष्मा वर केला. "ही वरची काळी वायर कसली?"

"कुठली, साहेब?"

"ही. पट्टीच्या वरून गेलेली. ही क्लिपमध्ये का नाही?"

"ती... तात्पुरती आहे, साहेब."

"तात्पुरती म्हणजे?" ते जवळ गेले. अगदी नाक लावून बघितलं. मग सावकाश मागे सरले आणि म्हणाले, "ही चालते आहे."

घरात एवढी शांतता पसरली की मुंग्यांची पावलं ऐकू यावीत. साहेबांनी एक बोट पुढे केलं, पट्टीच्या मागे घातलं आणि अगदी हलकेच, गालगुच्चा घ्यावा तशी, पट्टी आपल्याकडे ओढली.

पुच्च!

एक गुट्टी बाहेर आली. बाळाचा दुधाचा दात पडावा तशी, न दुखता. मग तिच्या शेजारची. पुच्च. मग तिसरी. आणि त्यानंतर जे झालं ते मला आजही पाण्याखाली बघितल्यासारखं संथ दिसतं. पट्टी भिंतीपासून सुटत गेली, दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून कोपऱ्यापर्यंत, कोपरा वळून चुलीकडे. पुच्च, पुच्च, पुच्च. घाई नाही, गडबड नाही. कवडशात चुन्याची धूळ तरंगत होती, हळदीची पिवळी भुकटी तरंगत होती, आणि त्यातून माझं चार दिवसांचं काम एखाद्या दमलेल्या वेलीसारखं खाली झुकत आलं आणि साहेबांच्या दोन्ही खांद्यांवरून गळ्यात येऊन विसावलं. छातीवर मधोमध बल्बचा होल्डर. पदक दिल्यासारखा!

एकही क्लिप सुटली नव्हती. हे मी अभिमानाने नमूद करतो.

"वायरीला आधार आहे," गळ्यातल्या हारातून साहेब शांतपणे म्हणाले. "पट्टीला काय आहे?"

त्यांनी एक गुट्टी उचलली. बोट लावलं. हुंगलं. आणि (सरकारी माणसाकडून ही अपेक्षा नव्हती) बोट जिभेला लावलं.

"गूळ?"

"गुट्टी गुळात कुणी बसवली? मला नाव पाहिजे. परवाना असलेल्या माणसाने हे केलं असेल तर परवाना राहणार नाही."

आता ऐका. हीच ती जागा. इथे मी पुढे होऊन म्हणायला हवं होतं, 'मी.' एक अक्षर, तेही ऱ्हस्व नाही, चांगलं दीर्घ, म्हणायला सोपं. माझं तोंड उघडलंही होतं. पण खिशातला परवाना छातीला विस्तवासारखा लागला आणि ते अक्षर घशातच बसलं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"म्या घातला, साहेब."

अक्का!

"माज्या भावाचा दोष न्हाई. त्यो सिमिटच म्हनत हुता. सिमिट माज्या हातनं भिजलं. मग मीच म्हनलं, गूळ घाल. त्यो न्हाई न्हाई म्हनत हुता."

मी वळून बघितलं नाही. बघायची छाती झाली नाही. जमेल तेवढा निष्पाप चेहरा करून साहेबांकडे बघत राहिलो. मागे कुणीतरी खोकलं. मग मावशींचा आवाज आला, नेहमीपेक्षा जरा घोगरा.

"चुकलं सुनंचं, साहेब. लेकरू हाय. आठ दिस द्या, माज्या भावाकडं दोन घमेली सिमिट उरलंय, ते आनते. आन् बसा, च्या घ्या."

साहेबांनी हार उतरवून माझ्या हातात दिला. "बिनगुळाचा असेल तर घेतो," ते म्हणाले. आणि जाताना दारात, "मी आज आलो नव्हतो. पुढच्या गुरुवारी येतो. क्लिपा मात्र अशाच ठेवा."

पुढच्या गुरुवारी काम पास झालं. त्यानंतर मीटर बसला आणि एका संध्याकाळी, उसावर धुकं उतरत असताना, बटण दाबलं. मी स्वप्नात बघितलं होतं त्याहून तो उजेड साधा होता, पण खरा होता. मावशी खरंच तांदळाचं सूप घेऊन दिव्याखाली बसल्या. दाजी बटणाशी उभे राहून दर लावण्या-मालवण्याला "वा!" म्हणत होते. मावशी अक्काला म्हणाल्या, "झालं की गं पास. आता काढ म्हायेराचं नाव."

अक्काने माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

ते माझ्या काळजात रुतलं. मला वाटलं, गेलं! सासरच्या सगळ्यांसमोर माझ्यासाठी चोर झाली आणि आता माहेर म्हटलं की तिला रडू येतं. तेव्हापासून पंचवीस वर्षं मी प्रायश्चित्त घेत आलो. गूळ सोडला. संक्रांतीला कुणी तिळगूळ दिला की औषधासारखा डोळे मिटून गिळतो. भाऊबीजेला अक्काकडे गेलो की ओवाळून घेताना मान वर करत नाही. तिच्या घरचा फ्यूज उडाला तर नगरहून पहिल्या गाडीने जातो. ताटात पुरणपोळी आली की कारणं सांगतो, पोट, दात, उपास. बायकोला वाटतं मला साखरेचा आजार आहे आणि मी लपवतो आहे.

गेल्या भाऊबीजेला ठरवून गेलो. मावशी आता ऐंशीच्या पुढे, ओट्यावर उन्हात बसलेल्या. अक्का शेजारी लसूण सोलत होती, दाजी बाजेवर. मी मावशींच्या पायाशी बसलो आणि डोळे मिटून सगळं एका दमात सांगून टाकलं. सिमेंट माझ्याकडून भिजलं. गूळ मी घातला. काकवीसुद्धा मीच. अक्काचा काही दोष नव्हता. ती माझ्यासाठी खोटं बोलली आणि मी गप्प राहिलो.

डोळे उघडले तर मावशींचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडताहेत. त्या हसत होत्या. बोळक्या तोंडाने, आवाज न करता.

"आरं लेकरा," त्या शेवटी म्हणाल्या, "आमाला त्याच घडीला कळलं हुतं."

"कसं?"

"तुजी पाठ हुती की आमच्याकडं! कंबर दुखली म्हनून दोन्ही हात मागं टेकले हुतेस नव्हं? पांढऱ्या सदऱ्यावर गुळाचं दोन पंजे, धाच्या धा बोटं! आन् येकेका बोटावर मुंग्या अशा गच बसलेल्या, जनू कोनी काळ्या दोऱ्यानं भरलंय. तिकडं सून म्हनतीय म्या घातला, आन् हितं तुजी पाठ सांगतीय न्हाई न्हाई, म्या म्या!"

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"भावापायी पोर येवढी उभी राह्यली. तिला कशाला खोटं पाडू? आन् सायेब तुज्या मागल्या अंगाला येऊन तुजी पाठ बगतील, या भ्यानं तर त्यांना च्याला बसवलं."

मी अक्काकडे वळलो. "तुलाही दिसलं होतं?"

"बोलून गेल्यावर दिसलं," अक्का म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते लसणाचं नव्हतं आणि दुःखाचं तर मुळीच नव्हतं. "आता बोललेलं माघारी कसं घ्यायचं? तवापासनं म्हायेराचं नाव काढाया गेलं की मला तुजी पाठच दिसती रं. हसू आवरत न्हाई, म्हनून पळते मी आत."

"आणि दाजी, तुम्ही?"

"मला वाटलं नक्षी हाय," दाजी म्हणाले. "मी वा म्हनलं हुतं."

म्हणजे पंचवीस वर्षं मी त्या घरात मान खाली घालून वावरलो, गूळ सोडला, पुरणपोळ्या नाकारल्या, ते एवढ्याचसाठी की मी गुन्हा लपवला होता! आणि साहेबांना जो निष्पाप चेहरा दाखवण्यात मी जिवाचं रान करत होतो, तो त्या घरातल्या एकाही माणसाने बघितलेलाच नव्हता. सगळे मागून वाचत होते.

निघताना मी ओट्याखाली उतरलो, नमस्काराला वाकलो, सरळ झालो, जायला पाठ फिरवली आणि सवयीने दोन्ही हात मागे कंबरेवर टेकले.

मागे तिघांनीही एकदम हसू दाबलं.